मामांच्या नावेला गप्प बसवताना

समस्त लहानथोरांस जाहीर करण्यात येतं की निजामाच्या राज्यात, उमापूरच्या बाजूला, गोदावरीच्या आमच्या डोहात एक नाव मुकी करण्याचं महत्कार्य पार पडलं. हे कार्य माझ्या हातून घडलं. लोकांनी जरा सावरून बसावं.

नाव मामांची. गावची निम्मी जमीनही मामांचीच. पण गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं घोड्यावर बसणं सुटलं होतं. तेवढ्यात हैदराबादेत एका बड्या घरातली हौसेची नाव विकायला निघाल्याचं कानावर आलं आणि त्यांनी ती रॉकेलच्या इंजिनासकट उचलली. नावेत बसले की मामा पुन्हा घोड्यावर बसल्यासारखे दिसायचे. मिशीसुद्धा वाऱ्यावर वर उठायची.

आणि ते इंजिन! दहा लोहार एकाच ऐरणीवरून भांडताहेत असं वाटायचं. काठावरच्या माणसाला शेजाऱ्यानं दिलेली शिवीसुद्धा ऐकू येत नसे.

गावची गवळणबाई तक्रार घेऊन चावडीवर गेली. तिच्या म्हशी दुपारी डोहात डुंबायच्या. नाव सुरू झाली की शेपट्या वर करून पळायच्या आणि संध्याकाळी पान्हा चोरायच्या. पाटलांनी निवाडा दिला की येत्या बाजारापर्यंत आवाज बसला नाही, तर नाव काठावर ओढून कायमची पालथी घालायची. मामा घरी येऊन गुडघे चोळत बसले आणि मग मला म्हणाले, "तू हैदराबादेत शिकलास न्हवं? मग बसव त्याचं तोंड."

मी कायदा शिकलो होतो.

पहिला उपाय मामांचाच. इंजिनावर घोंगडं टाकायचं. इंजिनाला हवा लागते हे मी सांगून पाहिलं. त्यावर, माणूस घोंगडं पांघरून रातभर झोपतो, मरत न्हाई, असं उत्तर मिळालं. डोहाच्या मध्यावर इंजिन गुदमरून बंद पडलं, घोंगडं करपलं आणि नावेचा दोर धरून मी पोहत काठाला आलो. काठावर गवळणबाई उभीच होती. "काय वो पावणं," ती म्हणाली, "इंजिनापरीस तुमीच बरं की. वरडत तरी न्हाई."

मग मी चिडून, पण डोकं लावून, कामाला लागलो. इंजिन थेट लाकडावर आवळलेलं होतं, म्हणून सगळी नावच ढोलासारखी वाजत होती. त्याच्या पायांखाली मोटारीच्या जुन्या टायरचे तुकडे घातले. सैल फळ्या ठोकून घेतल्या. सुताराकडून इंजिनावर बसेल अशी दुहेरी फळ्यांची पेटी करून घेतली आणि हवेसाठी मागच्या बाजूला वाकडी वाट ठेवली. प्रत्येक खिळ्याला मामांचा सल्ला होताच. आता दोन फळ्यांच्या मधे भरायला मी पिंजलेला कापूस मागितला, तर मामांनी पाठवला शेवटच्या वेचणीचा किडका कापूस, सरकीसकट.

मी हात जोडले. मामा म्हणाले, "सरकीनं वजन येतं. वजनानं आवाज दबतो. शिकलेल्यांना हे कळत न्हाई." संताप याचा आला की वजनाचं त्यांचं म्हणणं खरं होतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी, दिवस कलताना, घाटावर सगळं गाव जमलं. पाटील पुढं बसले. मी इंजिन सुरू केलं. शेजारच्या खोलीत मांजर झोपावं, एवढीच गुरगुर. मला पाटलांचा खोकला ऐकू आला! मामा ताठ बसले, मिशी उठली. मी घाटाकडे वळून नाटकातल्या राजासारखा मुजरा केला.

परीक्षेसाठी डोहातच ठेवलेल्या म्हशी पळाल्या नाहीत. एकीनं कान उभारले, मग नाक. नावेच्या तळाला नेहमी थोडं पाणी असे. ते पेटीत शिरून सरकी भिजली होती आणि इंजिनाच्या उबेनं तिचा वास सगळ्या डोहावर पसरला होता. या म्हशींना रोज धारेच्या वेळी पुढ्यात काय मिळायचं? भिजवलेली सरकी.

सगळा कळप आमच्याकडे निघाला. मामा आधी खूश झाले. बघ, भीत न्हाईत, म्हणाले. मग एकीनं नावेच्या काठावर हनुवटी टेकली, नाव कलली, मामांनी माझी मान धरली. दुसरीनं पेटीची फळी ढुसणीनं उचकटली. या खेपेला बरोबर घेतलेल्या वल्ह्यानं मी तिला ढोसत होतो. तिला बहुधा ते अंग चोळल्यासारखं वाटत असावं.

घाटावर दुधाची भांडी घेऊन माणसं ताटकळली होती. गवळणबाई गुडघाभर पाण्यात उतरून एकेकीला नावानं हाका मारत होती. एकही मान वळेना. पाटील मामांकडे बघत होते, मामा माझ्याकडे, मी इंजिनाकडे. शेवटी तक्रार घेऊन चावडीवर गेलेली तीच बाई, साऱ्या गावासमोर, पदर खोचून ओरडली, "आवो मालक, ती पेटी काढून फेका अन् वाजू द्या लई मोठ्यांदा, माझ्या म्हशी घरला येऊ द्या!"