बांधापलीकडचं उत्तर

कर्जत स्टेशनातून बाहेर पडलो तेव्हा भाद्रपदातलं आभाळ इतकं खाली उतरलं होतं, की ते टकलाला लागेल या भीतीने मी वाकून चालू लागलो.

"सरळ चाल. लोक बघतायत," कुंदाताई म्हणाली.

लोकांनी बघावं म्हणूनच मी वाकलो होतो, पण ते तिला सांगून उपयोग नसतो. कुंदाताई माझी मावसबहीण. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात तेव्हा ही रानोमाळ बेडूक शोधायला लागली. मी तिची छत्री, डबा आणि विजेरी सांभाळतो.

पहिला मुक्काम कळंबजवळच्या एका रिसॉर्टवर होता. आडवारी तिथे आम्ही दोघंच पाहुणे. पोहण्याच्या निळ्या तलावात सागाची पानं कुजत होती आणि भिजलेलं कुत्रं आमच्याकडे बघून जांभई देत होतं. न्हाणीघरात गेलो तर शॉवरच्या नळीवर एक तपकिरी बेडूक मांडी घालून बसलेला. मी नाटकातल्या राजासारखा टाहो फोडला. मॅनेजर झाडू घेऊन धावला. "साहेब, फेकू काय बाहेर?"

कुंदाताईने झाडू खाली ठेवायला लावला आणि तिथेच वर्ग भरवला. बोटांच्या टोकांना गोल चकत्या बघ. मांडीच्या आतले पिवळे ठिपके बघ. पाठ, कूस, पायाच्या बोटांमधला पडदा, असे तीन फोटो काढल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. मग ती म्हणाली, "साधा झाडबेडूक." ज्याने मला टॉवेलमध्ये पाहिलं, त्या प्राण्याला साधं म्हटलेलं मला आवडलं नाही.

पण आम्ही त्याच्यासाठी आलो नव्हतो. लोधिवलीच्या बाजूला गोमाकाका नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या शेतात एक पाणथळ कोपरा होता. गेल्या वर्षी तिथे कुंदाताईने एक आवाज ऐकला होता. विळ्याच्या पात्यावर नखाने टिचक्या माराव्यात तसा, टिक-टिक-टिक, आणि शेवटी एक लांब किरर्र. तिच्या माहितीतल्या कुठल्याच बेडकाशी तो जुळेना. आवाज मोबाइलवर मिळाला, प्राणी काही दिसला नाही. आता त्या शेतावर भराव पडायचा होता. काकांच्या मुलाला, नरेशला, तिथे लग्नाचं लॉन करायचं होतं. त्याने फोनवर कुंदाताईला सांगितलं होतं, "तुमचा येगळा बेडूक हाय असं नक्की करून दावा, बाय. तेवढा कोपरा मी सोडतो." माणूस दिलेल्या शब्दाचा, असं ती म्हणाली. कोपरा राहणार की जाणार, हे एका अंगठ्याएवढ्या जिवावर ठरायचं होतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षाने चौकच्या रस्त्याला लागलो. डोंगर ढगात गेले होते. हिरव्या भाताच्या मधेमधे लाल मुरुमाचे चौकोन, त्यांभोवती कुंपणं, त्यांवर प्लॉट विकण्याच्या पाट्या. मी पाट्या मोठ्याने, तालात वाचत होतो. तिसऱ्या-चौथ्या पाटीनंतर माझाच आवाज मला नकोसा झाला.

नरेशच्या बायकोने तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचं (शेतातल्या खेकड्यांचं) कालवण वाढलं. मी एका नांगीशी असा झगडलो, की रस्सा थेट नरेशच्या शर्टावर.

"लॉन बघायला आलाव का कपडे रंगवायला?" तो हसला.

"काका कुठेत?" कुंदाताईने विचारलं.

"म्हातारा सांज झाली की शेतावर. काय करतो देव जाणे. इचारलं तर बोलत नाय."

ऊन म्हणून काही नव्हतंच, त्यामुळे संध्याकाळ कधी झाली ते कळलं नाही. रस्त्याकडच्या अंगाला मुरुमाचे ढीग येऊन पडले होते. आम्ही पाणथळीच्या अलीकडच्या बांधावर बसलो. भाताच्या फुलोऱ्याचा वास येत होता. कडेच्या पाण्यातून दोन साधे बेडूक उड्या मारून गेले. कुंदाताईने मोबाइलवर गेल्या वर्षीचा आवाज लावला. नर जागेवरून भांडतात. दुसऱ्याचा आवाज ऐकला की चिडून उत्तर देतात.

टिक-टिक-टिक, किरर्र.

काही नाही. पुन्हा लावला. काहीच नाही.

आणि मग पलीकडच्या बांधाआडून उत्तर आलं. टिक-टिक-टिक, किरर्र.

कुंदाताईने माझं मनगट असं पकडलं की घड्याळाचा पट्टा तुटला. तिने पुन्हा लावलं, पुन्हा उत्तर. आम्ही चिखलात उतरलो. मी गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत, एक चप्पल कायमची अर्पण करून. तो आवाजही आमच्याकडे सरकत होता. मी मनातल्या मनात नरेशपुढे करायचं भाषण रचत होतो. करवंदीच्या जाळीशी पोचलो, विजेरी लावली.

समोर गोमाकाका. पावसासाठी डोक्यावर प्लॅस्टिकचं खोळपं, हातात मोबाइल, चेहऱ्यावर लहान पोरासारखा आनंद.

"बाय, तुमी? मागं व्हा, मागं व्हा! इकडंच हाय तो. आत्ता वरडला!"

काकांच्या मोबाइलमधून पुन्हा आवाज आला, टिक-टिक-टिक, किरर्र. त्यांनी आमच्या मोबाइलकडे पाहिलं. मग आपल्या हातातल्याकडे.

"तुमीच दिलेला ना हा आवाज," ते हळू म्हणाले. "यंदा एक बी वरडला नाय. म्हटलं, रोज लावावा. ऐकून कुठला तरी येल."

दोन्ही मोबाइल बंद करून आम्ही तिघंही तिथेच उभे राहिलो. जाळीवर पाऊस पडत होता, एवढंच.

घरी परतलो तर नरेश ओटीवर उभा. "ऐकला की मी! इथवर येत व्हता. जिंकलात, बाय!"

मी छाती फुगवली. एवढं सुंदर खोटं माझ्या ओठांवर उभं होतं. गोमाकाका मान खाली घालून पाय धूत होते, धुऊन झालेले पायही धूत होते.

"नाही, नरेश," कुंदाताई म्हणाली. "दोन मोबाइल एकमेकांशी बोलत होते. बेडूक नाही सापडला."

नरेशने वडिलांकडे पाहिलं. "आबा, तुमी?" एवढंच म्हणाला आणि आत गेला. निघताना काकांनी माझा नंबर मागून घेतला. कुंदाताईचा त्यांच्याकडे होताच.

परतीच्या रिक्षात माझ्या एका पायात चप्पल आणि डोक्यात संताप होता. "गप्प राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"पुढच्या वर्षी तो खरंच आला, तर माझं कोण ऐकेल?"

"पुढच्या वर्षी तिथे मांडव असेल, कुंदाताई."

ती रिक्षाबाहेर बघू लागली. तिचा चष्मा ओला होता. पाऊस आतही येत होता, म्हणून मी काही विचारलं नाही.

हे लिहितोय तोवर भराव पडून गेलाय. घरी आलेल्या पाहुण्यांना मी ही सफर रंगवून सांगतो. शॉवरपासून चपलेपर्यंत लोक पोट धरून हसतात. गोमाकाका दिसतात तिथे मी थांबतो. कधीमधी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. रामराम म्हणतात आणि मोबाइल हवेत धरतात. "ऐका," म्हणतात.

मी कान लावतो. वारा येतो, लांबून एखादी गाडी जाते.

"काही ऐकू येत नाही, काका."

"हां," ते म्हणतात. "मला बी नाय."