पोटातलं नाव

पावडरभाऊंनी कुणाला कधी "कसा आहेस?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. "यानं काय कळतं?" म्हणायचे. त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. जेवलास का? आणखी काय घेतोस? कितवा दिवस? समोरचा माणूस दुखण्याची गोळी खाऊन आला आहे, किंवा आता खाणार आहे, हे ते धरूनच चालायचे आणि दहातल्या आठ वेळा ते खरं निघायचं. एका लग्नात त्यांनी हळद लागलेल्या नवरदेवालाही सोडलं नाही. तो कपाळ दाबत बसला होता. म्हणाला, "जेवलो नाय भाऊ, उपास हाय." भाऊंनी त्याच्या मुठीतली गोळी काढून घेतली आणि हातावर केळं ठेवलं. "आधी हे. मग ती."

आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याला लागून. भाऊ महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तीस वर्षं होते. तिथे दुखण्याच्या गोळ्यांची पावडर बनायची. गोळ्या नव्हेत, नुसती पावडर. "लाडू दुसरीकडं वळतात, पीठ आमच्याकडं," असं ते सांगायचे. अंघोळ करून निघाले तरी भुवयांत थोडं पांढरं राहायचंच, म्हणून पावडरभाऊ. मला ते नाव फार विनोदी वाटायचं. त्या वयात मला स्वतःखेरीज सगळेच विनोदी वाटायचे.

मी तेव्हा वाडीच्या शाळेत बाई होते. चाळिशी नुकतीच लागलेली, बदल्या-बिदल्या करून सासरच्याच गावी आलेली, आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की खात्री असलेली. माझ्याकडे एक श्रीखंडाचा डबा होता. त्यात काडेपेट्यांचे कप्पे केलेले आणि प्रत्येकावर माझ्या सुंदर अक्षरात चिठ्ठी: 'डोके', 'ताप', 'अंग', 'लावणी'. ही लावणी नाचायची नव्हे, भाताची. दिवसभर चिखलात वाकायचं तर सकाळी एक गोळी घ्यायची, असा आमच्याकडे रिवाज पडला होता. तिला सगळे 'लावणीची गोळी' म्हणत. महाडहून मी पाकिटं आणायची, कात्रीने प्रत्येक गोळी वेगळी कापायची, कडेचे चंदेरी काठ काढून टाकायची म्हणजे काडेपेटीत नीट बसावी, आणि घरोघरच्या बायकांना द्यायची. बायका मला डॉक्टरीणबाई म्हणत. ती थट्टा होती हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

एकदा भाऊ घरी आले असताना मी मोठ्या अभिमानाने डबा उघडून दाखवला. त्यांनी एकेक काडेपेटी हातात घेऊन पाहिली.

"अक्षर मोत्यासारखं हाय, बाई."

मी फुलले.

"पण यात गोळी कुठली हाय?"

"लावणीची."

"ते कामाचं नाव झालं. तिचं नाव काय?"

मी आठवून एक नाव सांगितलं. ते हसले. "ते हाक मारायचं नाव. मोठ्या अक्षरातलं, कंपनीनं ठेवलेलं. खाली बारीक अक्षरात असतं ते पोटातलं नाव. माणूस हाकेच्या नावाला फसतो. बबन आणि बाबूराव दोघं समजून दोघांना जेवायला बोलवतो, आणि तो एकच इसम दोनदा जेवून जातो." कापून टाकलेल्या काठांकडे बोट दाखवून म्हणाले, "ते पोटातलं नाव तुम्ही कात्रीनं उडवलंत."

मी त्यांना चहा दिला, पण साखर कमी घातली. इतका राग आला होता.

ते काठ मी फेकत मात्र नसे. शाळेत हस्तकलेला न्यायची. मुलं त्यांच्या चांदण्या कापायची आणि दोऱ्यात ओवून पंधरा ऑगस्टचं तोरण करायची. फुकटचा चंदेरी कागद! केंद्रप्रमुखांनी कौतुकही केलं होतं.

त्या वर्षी लावणी ऐन भरात होती. माझ्या सासूबाई सत्तरीला आलेल्या, पण रोपाची मूठ हातात घेतली की सुनांच्या पुढे चालायच्या. मी त्यांना रोज सकाळी कोऱ्या चहाबरोबर एक गोळी द्यायची. कोणी वडीलधाऱ्यांची सेवा करतं, कोणी पाय चेपतं. मी गोळी द्यायची. त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी शेतावर गेले तर सासूबाई बांधावर बसलेल्या. चेहरा पिठासारखा. शेजारच्या भातखाचरातून भाऊ चिखलाच्या पायांनीच आले.

"काकी, जेवलीस का?"

"चाय पियाले."

"आणि गोळी?"

"दोन. एक सूनबायची, एक धाकट्याची."

धाकटा म्हणजे माझा मुंबईचा दीर. त्याने गुडघ्यांसाठी पाकीट पाठवलं होतं, आणि सासूबाई ते कंबरेच्या पिशवीत ठेवून इमानाने घेत होत्या. सुनेची गोळी लावणीची, मुलाची गुडघ्याची. दोघांचाही मान राखत होत्या.

"कितवा दिवस?"

"तेरावा-चौदावा असंल."

भाऊ त्यांच्यासमोर उकिडवे बसले. मग सरळ विचारलं, "काकी, परसाकडला काळं होतंय का?"

चारचौघांत, भर शेतात! मी लाजेने अर्धी झाले. शिकलेली बाई ना. "भाऊ, अहो, असं काय विचारता?" मी म्हणाले.

सासूबाईंना लाज नव्हती. "व्हय रे. तीन दिस झालं, निसतं डांबर. मला वाटलं, मी घाटातला रस्ता खाल्ला का काय."

बायका हसल्या. भाऊ हसले नाहीत. "ते रक्त हाय," म्हणाले. "आतनं पोट वाहतंय. जीप बोलवा."

सासूबाईंच्या पिशवीतलं मुंबईचं पाकीट त्यांनी घेतलं. त्यावरचं नाव वाचलं. मग माझ्याकडे वळले. "तुमची कुठली? दवाखान्यात पयलं हेच विचारतील."

मला सांगता येईना. डबाभर गोळ्या आणि एकीलाही नाव नाही. तेव्हा मला तोरण आठवलं.

जीप पोलादपूरहून वर येईपर्यंत आम्ही दोघं शाळेत धावलो. बाकावर चढून मी पंधरा ऑगस्टसाठी आधीच टांगलेलं तोरण खाली ओढलं आणि आम्ही जमिनीवर बसून एकेक चांदणी उलटी करून वाचू लागलो. कुठे नुसती तारीख, कुठे अर्धा पत्ता, कुठे 'मुलांपासून दूर ठेवा'. ते वाचून मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही. अखेर लावणीच्या गोळीच्या निळ्या पट्टीची एक चांदणी सापडली. तिच्या दोन टोकांच्या मध्ये बारीक अक्षरात नाव होतं, डायक्लोफेनॅक. भाऊंनी मुंबईचं पाकीट शेजारी धरलं. तेच. हाकेची नावं दोन, पोटातलं एक.

महाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ती चांदणी हातात घेऊन वाचली. एकदा माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

सासूबाईंना दोन बाटल्या रक्त चढत होतं आणि आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो होतो. मी म्हटलं, "दुखणं थांबवणारी गोळी पोटाला भोक कशी पाडते, भाऊ?"

"दुखलं की अंग एक रसायन बनवतं. ते वर्दी देतं, इथं दुखतंय म्हणून. गोळी ते बनू देत नाय. पण त्याच्याच भावकीतलं रसायन पोटाच्या आतला लेप राखतं, मूत्रपिंडाला रक्त पोचवतं. गोळीला भावकी कळत नाय. ती सगळ्यांनाच घरी बसवते. लेप गेला की पोटातलं आम्ल पोटालाच खातं."

"मग तापाची साधी गोळी? पॅरासिटामॉल?"

"ती दुसऱ्या घरची. पोटाला सोसते. पण तिचा निकाल यकृतात लागतो, आणि निकाल लागताना थोडं विष बनतं. त्यावरच्या उताऱ्याचा साठा यकृताकडं असतो, पण बेताचा. धडधाकट माणसाला दिवसाला पाचशे मिलिग्रॅमच्या आठ, ही शेवटची हद्द. तिथवर जायचंच नाय. दारू पिणाऱ्यानं तर त्याच्या कितीतरी आधी थांबायचं. आणि सर्दीच्या गोळीत तीच लपलेली असते, ती कोण मोजतो?"

मग त्यांनी हाताचे तळवे एकमेकांवर झटकले, पावडर लागल्यासारखे.

"आमच्या हिची कंबर दुखायची," म्हणाले. "बारा वर्षं. पदराच्या गाठीला गोळ्या बांधलेल्या असायच्या. रोज एक, कधी दोन. मी रोज सायबाला पावडरीचा हिशेब द्यायचो, ओलावा किती, शुद्ध किती. सगळं तोंडपाठ. पण घरात त्या गाठीत काय बांधलंय, ते कधी विचारलं नाय. मूत्रपिंडं गेली तिची. डॉक्टरनं विचारलं, काय घेत होत्या? मला सांगता आलं नाय." मग म्हणाले, "कदाचित ती पावडर मीच बनवलेली असंल."

त्यांचे तीन प्रश्न कुठून आले ते मला त्या बाकड्यावर कळलं. तोवर मी त्यांच्या नकला करायची. शिक्षकांच्या खोलीत, भुवया उडवून, "कितवा दिवस?" सगळे हसायचे. नक्कल चांगली करायची मी, आजही करते, पण आता हसवण्यासाठी नाही.

सासूबाई वाचल्या. पुढे सहा वर्षं जगल्या आणि येईल त्याला डांबराची गोष्ट रंगवून सांगत राहिल्या. मी श्रीखंडाच्या डब्यात पुढे शेवया ठेवल्या. तोरण रंगीत कागदाचं करू लागले. दर शनिवारी मुलांना घरातलं गोळीचं एक रिकामं पाकीट आणायला सांगायची आणि बारीक अक्षरातलं नाव फळ्यावर लिहायला लावायची. मुलं घरी जाऊन आज्यांना दरडावायची, "पोटातलं नाव सांग!" एक आजी माझ्याशी भांडायलाही आली. भाऊंनी तिला ओटीवर बसवलं आणि विचारलं, "जेवलीस का गो?"

भाऊंचं कॅन्सरचं दुखणं गेल्या वर्षी निघालं. हाडांपर्यंत पसरलेलं होतं. डॉक्टरांनी जोरकस गोळ्या लिहून दिल्या. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून दुपारी जाऊन मी पाकिटं वाचून दाखवायची. त्यांची सून द्यायला तयार असे, पण ते म्हणायचे, "बाई येऊ देत."

शेवटच्या दिवसांत एकदा मी गोळी काढली आणि माझ्या मास्तरकीच्या आवाजात विचारलं, "जेवलात का?"

"दोन पळ्या पेज."

"आणखी काय घेताय?"

"पोट साफ व्हायची. सकाळी."

"कितवा दिवस?"

ते हसले. भुवया आता नुसत्या वयानेच पांढऱ्या झाल्या होत्या. "तो आता मोजायचा नाय, बाई. पण तुम्ही विचारलंत ना. आमच्या हिला कोणी विचारलं नव्हतं."

मी चष्मा पुसला. पाकीट उजेडात धरलं आणि गोळी त्यांच्या तळहातावर ठेवण्याआधी तिचं पोटातलं नाव मोठ्याने वाचलं. त्यांनी मान हलवली, मगच तोंड उघडलं.