बंडूजीची काठी

हिंगणघाटला वेणा नदीला पूर आला की लोक बंडूजीकडे बघत. तो पाण्याच्या कडेला काठी रोवायचा. पाणी काठीपासून मागे सरलं की म्हणायचा, "चला, उतरला पूर." मग माणसं बिनघोर नदी ओलांडत.

चोपन्न सालच्या वैशाखात पुतण्याचं वऱ्हाड कोकणात गेलं. लग्न लागल्यावर पाहुणे समुद्र बघायला निघाले. किनाऱ्यापासून आत, खडकावर एक देऊळ होतं. व्याह्यांनी बजावलं होतं, "आमच्याशिवाय जाऊ नका." पण जन्म पाण्याकाठी गेलेला बंडूजी ऐकतो कशाला! त्यानं काठी रोवली. पाणी मागे सरलं, तसा थोरल्या बहिणीला, वच्छलाबाईला घेऊन तो ओल्या वाळूवरून देवळात गेला. दोघांनी तिथं शिदोरीही सोडली.

परत वळले तर वाट बुडालेली. काठी दिसेना. त्यानं बहिणीला खांद्यावर घेतलं. पाणी छातीला लागलं, मग गळ्याला. पायाखालची वाळू निसटत होती.

"आभाळ कोरडं हाय, मंग पूर कुठून आला रे?" वच्छलाबाई त्याचे केस धरून ओरडली.

"मले नाई माहीत, बाई!"

कसेबसे किनाऱ्याला लागले.

पुढे वेणेकाठी काठी कोरडी पडली, तरी बंडूजी आधी स्वतः पाण्यात उतरायचा, पलीकडे जाऊन परत यायचा, आणि मगच कुणाच्या बहिणीला हात द्यायचा.