चष्म्याचं मेंढरू

मागच्या फेब्रुवारीत एका रविवारी माझे सासरे हरवले. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. मीच त्यांना हरवायला सांगितलं होतं.

इस्लामपूरच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये मी मुलांची रविवारची शाळा घेते. आत मोठ्यांची उपासना चालू असते आणि बाहेर लिंबाखाली वीस पोरं माझ्या ताब्यात असतात. (‘ताब्यात’ हा शब्द पाळकसाहेबांचा. एवढं धाडसी विधान मी करणार नाही.) नुसत्या गोष्टी सांगितल्या तर पोरं मुंग्यांच्या रांगा मोडत बसतात, म्हणून मी खेळ काढले होते. कबुतराचं चित्र शोधा, अर्थ सांगा. दिव्याचं शोधा, अर्थ सांगा. त्या दिवशी दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा, होता हरवलेल्या मेंढराचा. दोन दिवस खपून मी पुठ्ठ्याचं मेंढरू केलं, त्याला कापूस चिकटवला आणि पाण्याच्या टाकीमागं लपवलं. योहाननं ते अर्ध्या मिनिटात आणून माझ्या हातात दिलं.

“टीचर, घावलं. आता क्रिकेट?”

शेजारच्या बाकावर माझे सासरे, आप्पा, बसले होते. निवृत्त मुख्याध्यापक, वय अठ्ठ्याहत्तर. खोकल्यामुळं ते उपासनेला बाहेरच बसतात आणि तेवढा वेळ माझ्यावर लक्ष ठेवतात.

“ही रविवारची शाळा म्हणायची का जत्रा?” आप्पा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. “आप्पा, मग तुम्हीच व्हा की मेंढरू!”

मला वाटलं, आता चिडणार. पण आप्पा उठले, पुठ्ठ्याच्या मेंढराचा कापूस उपटून दोन्ही कानांवर लावला, मोबाइल माझ्या हातात दिला (“मेंढराकडं फोन नसतो!”) आणि मुख्याध्यापकी आवाजात म्हणाले, “शंभरपर्यंत मोजा. चोरून बघायचं नाही!”

आणि गेले की फाटकाबाहेर!

पोरांनी डोळे मिटून मोजलं. (छोटी एस्तेर साठ झाल्यावर परत पन्नासवर आली आणि सगळ्यांना मागं घेऊन आली. मेंढराला भरपूर वेळ मिळाला.) मग शोध सुरू झाला. पहिली दहा मिनिटं मी स्वतःवर फार खूश होते. काय पोरं रंगली होती! विसाव्या मिनिटाला मला घाम फुटला. आप्पांना शुगर आहे, सकाळची गोळी घ्यायची राहिलेली, आणि त्यांचा फोन माझ्याच हातात!

तोवर पोरं रस्त्यावर पोचली होती.

“आवं मामा, आमचं मेंढरू बघितलं का?” योहाननं पानपट्टीवाल्याला विचारलं.

“कसलं हाय?”

“म्हातारं हाय. चष्मा हाय.”

“चष्मा?”

“व्हय. आन् लय रागीट हाय.”

चर्चसमोरच्या रिकाम्या उसाच्या रानात माण तालुक्यातून आलेल्या धनगरांनी मेंढरं बसवली होती. त्यांच्यातल्या, काठीवर रेलून उभ्या असलेल्या बिरूमामांना एस्तेरनं तोच प्रश्न केला. ते शांतपणे म्हणाले, “बाळ, दोनशे मेंढरं हायती. पर चष्म्याचं त्यात एकबी न्हाई.”

एवढ्यात उपासना सुटली. आया पोरांना हाका मारू लागल्या आणि आमचे हे बाकापाशी आले.

“आप्पा कुठायत?”

“हरवलेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे... मीच सांगितलं हरवायला.”

“तू माझ्या वडलांना हरवायला सांगितलंस?”

“दाखल्यासाठी हो!”

अकरा वर्षांच्या संसारात यांनी माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. मग सगळी मंडळी पांगली. कुणी स्टँडकडं धावलं, कुणी दवाखान्याकडं. कुणीतरी रानाच्या कडेच्या विहिरीतही डोकावलं. माझ्या प्रत्येक चपातीला नकाशा म्हणणारा हा माणूस, पण पेरू आणला की अर्धा न चुकता माझ्यासाठी झाकून ठेवतो. मी तिथंच बांधावर बसले. ‘देवा, आप्पा सापडू देत. पुन्हा आयुष्यात खेळ घेणार नाही!’

तेवढ्यात खोकला आला. ओळखीचा. थेट मेंढरांच्या मधून!

बसलेल्या मेंढरांत एक घोंगडी हलली आणि उठून बसली. कानांवर कापूस, हातात चहाचा स्टीलचा पेला.

“कशाला झाकून ठेवलंत हो?” हे बिरूमामांवर ओरडले.

“गुरुजींनी शपथ घातली हुती.”

“आणि चष्म्याचं एकही नाही म्हणालात!”

“खरंच बोललो की. त्यो काढून खिशात ठिवला हुता.”

“आप्पा, उठा. घरी चला,” यांचा आवाज रडवेला झाला होता.

आप्पा जागचे हलले नाहीत. “बायबलातलं लूकचं पुस्तक, पंधरावा अध्याय. मेंढपाळ मेंढराला खांद्यावर घेतो. तेही आनंदानं. तू रडतोयस.”

हे निमूट खाली वाकले, तर योहान ओरडला, “काका, तुमी न्हाई! मेंढपाळ टीचर हायती!”

अख्खी मंडळी बांधावर उभी. आप्पांनाच माझी दया आली असावी. “राहू दे. मी नुसते हात ठेवतो खांद्यावर,” ते म्हणाले. त्यांनी हात ठेवले, मी आनंदी चेहरा केला, एक पाऊल टाकलं ते सरळ सरीच्या खळग्यात! आप्पा एका गुबगुबीत मेंढीवर पडले, त्यांना खरचटलंसुद्धा नाही. मी पाचटावर पडले. घोटा असा सुजला की तीन रविवार मी पलंगावर, आणि शाळा आप्पांनी घेतली.

चौथ्या रविवारी लंगडत गेले. इतका जीव पणाला लावून शिकवलेला दाखला, निदान अर्थ तरी पोचला असेल! मोठ्या आशेनं विचारलं, “सांगा बरं, हरवलेल्या मेंढराच्या गोष्टीतून आपण काय शिकलो?”

सगळ्यांच्या आधी एस्तेरचा हात वर.

“टीचर, मेंढरू टीचरकडं ठिवायचं न्हाई!”