कागदावरची वीज

पाच महिने आमच्या घरात वीज होती. सरकारदरबारी. प्रत्यक्षात मी बंद फ्रीजचं दार काढून त्यात कांदे-बटाटे ठेवत होते, कपडे हाताने धूत होते आणि मोबाईल गाडीत बसून चार्ज करत होते. पण मी घर सोडून वर्षभर दुसरीकडे गेले असते तरी कागदावर आमचे दिवे जळतच राहिले असते. या देशात कागदावर जे आहे तेच आहे. आपण डोळ्यांनी काय पाहतो हा आपला खासगी प्रश्न.

उत्तरेकडच्या शॉमबर्गमध्ये पंचवीस वर्षं दारातला बर्फ उपसल्यावर आम्ही नवराबायको रिटायर झालो आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळच्या या बेटावर एक बैठं घर घेतलं. बैठं का, तर सासूबाईंसाठी. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. वय शहाऐंशी, गुडघे गेलेले, आणि फुप्फुसं अशी की ऑक्सिजनचं यंत्र दिवसरात्र चालू लागतं. बेटावर त्या रमल्या. मागच्या अंगणात अळू लावलं, ते इथल्या दमट हवेत असं माजलं की एकेक पान सुपाएवढं. आमच्या अळूवड्या पुलापलीकडच्या चार मराठी घरांत जायच्या. मला वाटतं, सासऱ्यांच्या मागे पहिल्यांदाच त्यांना स्वतःचं म्हणावं असं काही मिळालं होतं.

मग वादळ आलं. बेट रिकामं करायचा हुकूम निघाला तसे आम्ही तिघं किनाऱ्यापासून लांबच्या एका हॉटेलात गेलो. आठवड्याने पूल उघडला तेव्हा मी आणि नवरा दोघंच घर बघायला आलो. समुद्र घरात येऊन परत गेला होता. भिंतींवर प्लगच्या उंचीवर चिखलाची रेघ, बाहेरच्या भिंतीवरचा मीटर खारट पाण्याने खाल्लेला, अळू काळं पडून झोपलेलं. घर उभं होतं. पण वीज नाही म्हणजे आईंचं यंत्र नाही, आणि यंत्र नाही म्हणजे आई नाहीत. जनरेटरच्या भरवशावर त्यांना ठेवू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून गाडीच्या बॅटरीवर यंत्र लावून, दोन दिवस गाडी चालवून आम्ही त्यांना पार उत्तरेला, एडिसनला माझ्या नणंदेकडे सोडलं. पंधरा दिवसांसाठी.

पंधरा दिवसांचे पाच महिने का झाले, ते सांगते. एका शब्दामुळे झाले.

आमच्या सासरी ‘चालेल’ हा शब्द नाही, तो कुळाचार आहे. पोळी गार असली तरी चालेल. लग्नात मागच्या रांगेत बसवलं तरी चालेल. सासूबाईंनी मुलांना दुधाबरोबर हे पाजलं. आमच्या घरात कोणी कुरकुर करत नाही, हे त्या मला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच म्हणाल्या होत्या, आणि त्यांचा रोख कुणाकडे होता ते मला तेव्हाच कळलं होतं. मी कुरकुर करणाऱ्या घरातून आले होते.

तर आम्ही एडिसनहून परत आल्यावर चौथ्या दिवशी गावाच्या कचेरीतून एक पाहणी करणारा माणूस आला. हातात टॅब्लेट, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. नवऱ्याने त्याला खुर्ची दिली. मला गॅसच्या छोट्या शेगडीवर चहा ठेवायला लावलं. ओल धरलेल्या भिंती दाखवायच्या सोडून याची सरबराई चालली होती. जनरेटरवर एक पंखा आणि एक दिवा चालू होता. त्या माणसाने वर बघितलं आणि विचारलं, पॉवरचं कसं काय? आणि माझा नवरा, आयुष्यभर पूल बांधलेला सिव्हिल इंजिनिअर, हसून म्हणाला, ‘ओह, वी आर मॅनेजिंग. इट विल डू.’

चालेलचं भाषांतर केलं त्याने. बिनचूक केलं.

त्या माणसाने टॅब्लेटवर बोट टेकवलं, चहाचे आभार मानले आणि गेला. जनरेटर मागच्या अंगणात घरघरत होता. तो त्याला ऐकू आला नाही, असं मी मरेपर्यंत मानणार नाही.

तीन आठवड्यांनी आजूबाजूच्या घरांना मीटर लागायला लागले आणि आमचा नंबर येईना, तेव्हा मी वीज कंपनीला फोन केला. तासभर संगीत ऐकल्यावर एक बाई बोलली. तुमच्या पत्त्यावर वीज चालू असल्याची नोंद आहे, म्हणाली. मी म्हटलं, नाहीये. ती म्हणाली, गावाच्या पाहणीत तसं आहे, गावाने बदलून दिलं तर आम्ही मीटर लावू. गावाच्या कचेरीत गेलो तर ते म्हणाले, वीज चालू असलेल्या घराला नवीन मीटरचा परवाना देता येत नाही, कंपनीने वीज बंद असल्याचं लिहून दिलं तर बघू. कंपनी म्हणाली, बंद आहे हे आम्ही कसं लिहून देणार, आमच्याकडे तर चालू आहे. याला आमच्याकडे टोलवाटोलवी म्हणतात. इथे याला प्रोसेस म्हणतात.

एक दुरुस्तीचा अर्ज असतो असं कुणीतरी सांगितलं. नवऱ्याने तो सुवाच्य अक्षरात भरला. त्यात मीटरचं ताजं रीडिंग लिहायचं होतं. गंजून बंद पडलेल्या मीटरचं रीडिंग काय असणार? त्याने प्रामाणिकपणे शून्य लिहिलं. अर्ज परत आला. शून्य वापर म्हणजे घर रिकामं आहे, आणि रिकाम्या घरांची जोडणी सर्वांत शेवटी. म्हणजे एका टेबलावर आमच्या घरात दिवे जळत होते आणि दुसऱ्या टेबलावर आम्ही तिथे राहतच नव्हतो. आजारी माणसं असलेल्या घरांची वेगळी यादी होती, तिच्यातही आम्हाला घेतलं नाही. आजारी माणूस घरात हवा, म्हणाले. आजारी माणूस घरात का नाही, हे विचारायला त्यांच्या फॉर्मवर जागा नव्हती.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणत आम्ही भारतातल्या कचेऱ्यांना हसायचो. तिथे निदान टेबलामागे माणूस असतो, त्याच्याशी भांडता येतं. इथे सगळे इतके गोड बोलतात की भांडणाला कुठे पकडावं तेच कळत नाही. मी गावाच्या जाहीर सभेला गेले. बोलायला तीन मिनिटं मिळतात, समोर घड्याळ उलटं पळतं. माझ्या आधी चाळीस मिनिटं पुलाजवळच्या स्वागतफलकाचा रंग ठरत होता. मी आईंचं वय सांगितलं, यंत्राचं सांगितलं, शून्याचं सांगितलं. घंटी वाजली. अध्यक्ष म्हणाले, तुमच्या पेशन्सबद्दल आभारी आहोत. मी कसला पेशन्स दाखवला होता?

आणि त्याच गावाला आमचा पत्ता अगदी नीट माहीत होता. फेब्रुवारीत पत्र आलं. कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येण्याचा हंगाम जवळ येतोय, तुमच्या व्हरांड्यातला पांढरा दिवा कासवांची दिशाभूल करतो, तो बदला, नाहीतर कारवाई होईल. ते पत्र मी त्याच दिव्याखाली उभं राहून वाचलं, भर दुपारी, कारण संध्याकाळी तिथे वाचता येण्याइतका उजेड नसायचा. कासवांशी माझं वैर नाही. पण कासवांची नोंद अचूक ठेवणाऱ्या गावाला एका म्हातारीची ठेवता येत नव्हती, याची मला चीड आली, आणि ती अजून गेलेली नाही.

दर रविवारी सकाळी आम्ही एडिसनला फोन करायचो. नवरा विचारायचा, आई, कशी आहेस? त्या म्हणायच्या, मी मजेत. मी विचारायचे, झोप लागते ना? त्या म्हणायच्या, लागते की, माझं काय, चालतंय. मग अळूचं विचारायच्या. कंद जमिनीत जिवंत असतील, खारं पाणी धुऊन टाका, म्हणायच्या. फोन ठेवला की मला बरं वाटायचं. एक काम झालं असं वाटायचं.

मार्चमध्ये नणंदेच्या मुलीचा फोन आला. ती तिथे जन्मलेली, हॉस्पिटलात नर्स आहे, आईवडिलांपासून दोन गल्ल्यांवर राहते. आमच्याशी इंग्रजी मिसळूनच बोलते. एरवी ती मला कधी स्वतःहून फोन करत नाही.

‘मामी, आजी जिने चढू शकत नाही, यू नो दॅट, राइट?’ ती म्हणाली. ‘सगळ्या बेडरूम्स वर आहेत. शी स्लीप्स इन द रिक्लायनर, हॉलमधल्या त्या खुर्चीत. सिन्स ऑक्टोबर. खाली शॉवर नाही, सो मॉम गिव्ह्ज हर अ स्पंज बाथ. डिड एनिबडी ॲक्चुअली आस्क हर?’

त्या घराचा जिना मी शंभर वेळा चढले होते. खाली नुसता संडास आहे हे मला माहीत होतं. मी कधी दोन आणि दोन चार केलेच नाहीत. नणंदेने सांगितलं नाही, कारण तीही त्याच घरातली. दिवसातून दोनदा नोकरीवरून धावत येऊन आईचं सगळं करायची आणि आम्हाला चालतंय म्हणायची.

त्याच क्षणी मी आईंना फोन करायला हवा होता. केला नाही. काय तोंडाने करणार? ‘या’ म्हणायला घर नव्हतं. त्याऐवजी मी नवऱ्यावर तुटून पडले. चौतीस वर्षांत बोलले नव्हते ते बोलले. तुमच्या त्या एका शब्दाने आईंना खुर्चीत झोपवलं, म्हटलं. तो म्हणाला, ‘मी पाहुण्यासमोर रडगाणं कसं गाणार होतो?’

‘तो पाहुणा नव्हता हो,’ मी म्हटलं. ‘तो पाहणी करायला आला होता.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा गावाच्या कचेरीत गेलो. कचेरी म्हणजे पार्किंगमध्ये उभी केलेली एक लांबुळकी केबिन, कारण त्यांची इमारतही बुडाली होती. टेबलामागच्या बाईने, इथे सगळेच विचारतात तसं विचारलं, हाऊ आर यू टुडे? पाच महिने प्रत्येक खिडकीवर माझा नवरा या प्रश्नाला ‘गुड, गुड, थँक यू’ म्हणत आला होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने घसा खाकरला.

‘नो,’ तो म्हणाला. ‘आय ॲम नॉट गुड. आय टोल्ड युअर मॅन अ राँग थिंग.’

बाईने मान वर केली. मग त्याने सगळं सांगितलं, जनरेटर, पंखा, चहा, आई, खुर्ची. त्याचा आवाज मध्येच फुटला आणि त्याने तो लपवला नाही. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, आम्ही आमची पाहणी चुकली असं म्हणू शकत नाही, पण घरमालकाने चुकीची माहिती दिली असं त्याने स्वतः लिहून दिलं तर नोंद रद्द होते. असा फॉर्म आहे. तो आम्हाला पाच महिन्यांत कोणीच का सांगितला नाही, मी विचारलं. कारण तो कोणी मागत नाही, ती म्हणाली. मग हळूच म्हणाली की तिचं स्वतःचं घर पडलंय, ती दोन मुलांसकट ट्रेलरमध्ये राहते आणि तिचाही अर्ज याच टेबलावर अडकलाय. मला तिचा राग येईना, त्यामुळे इतरांचा दुप्पट आला.

म्हणजे चूक त्यांची, खोटारडा माझा नवरा. उभ्या आयुष्यात त्याने कागदावर एक आकडा खोटा लिहिला नव्हता. ‘मी चुकीची माहिती दिली होती’ या ओळीखाली त्याने सही केली, तारीख घातली, आणि पेन टोपण लावून त्या बाईला परत दिलं. बाहेर आल्यावर बराच वेळ त्याला गाडीचं दार उघडता येईना.

आठ दिवसांनी कंपनीचा ट्रक आला. एका माणसाने जुना मीटर काढून नवा बसवला. माझा चहा उकळायच्या आत त्याचं काम झालं. पाच महिने यासाठी. फ्रीज एकदम गुरगुरला आणि आतले कांदे-बटाटे हादरले.

नवऱ्याने तिथेच उभं राहून एडिसनला फोन लावला, स्पीकरवर. म्हणाला, आई, लाईट आली. पलीकडे यंत्राची घरघर ऐकू येत होती.

‘बरं झालं बाई एकदाचं,’ आई म्हणाल्या. ‘पण माझी घाई करू नका हं. आधी घर नीट लावून घ्या. मला इथे काही त्रास नाही. अजून महिनाभर राहिले तरी चालेल.’

नवऱ्याचं तोंड ‘बरं’ म्हणायला उघडलेलं मला दिसलं. मी त्याच्या हातातून फोन घेतला.

‘आई, मी एकच विचारते, हो किंवा नाही एवढंच सांगा,’ मी म्हटलं. ‘खुर्चीत झोपून चालतंय का तुम्हाला?’

त्या दिवसापर्यंत मी त्यांना असं कधी विचारलंच नव्हतं. मीही दर रविवारी टॅब्लेटवर बोट टेकवूनच उठत होते.

‘नाही गं,’ आई म्हणाल्या. ‘नाही चालत.’

नवरा गाडीची किल्ली शोधायला आत गेला होता.