माग बंद पडले की

चार बायका जमल्या की दवाखान्याचे किस्से निघतातच. पण आमच्या दवाखान्यातले किस्से चारचौघींत सांगायची सोय नव्हती, म्हणून ते माझ्याकडेच साठत गेले. नोकरी सुटून आता बरीच वर्षं झाली. सांगून टाकते एकदाचे!

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं मी सुरतेत एका डॉक्टरबेनकडे मदतनीस होते. नवरा जवळ आला की अंग दगड होतं, इच्छाच जागी होत नाही, अशा बायकांवर त्या उपचार करायच्या. गोळी नाही, इंजेक्शन नाही. बोटांना दोन वायरी लावायच्या. बाई ताणात असली की मशीन किंचाळायचं, सैल झाली की आवाज खाली यायचा. तो आवाज ऐकत बाईनं आपलं आपण सैल व्हायला शिकायचं. बेन गुजराती, बायका पांडेसऱ्याच्या कामगार वस्तीतल्या, बहुतेक खानदेशी. मधे दुभाषी मी, अमळनेरची!

*

ही तक्रार घेऊन कुणी यायचंच नाही. सगळ्यांची कंबर दुखायची! बेन विचारायच्या, "कधीपासून?" बाई मान खाली घालून म्हणायची, "लगीन झाल्यापासून."

मग मी उठून दार लावून घ्यायची.

*

एकीच्या बोटांना वायरी लावल्या तर तिनं झटकन हात ओढला. "ताई, करंट देता का?"

म्हटलं, "नाही गं बाई, काही होत नाही."

"नवरा पण असंच म्हणतो," ती म्हणाली.

*

बेनची एक ठरलेली सूचना होती. डोळे मिटा, आपण नदीकाठी निवांत बसलोय असं समजा. मी ती मराठीत सांगितली. पन्नाशीच्या एका मावशींनी डोळे मिटले, आणि मशीन जे ओरडायला लागलं!

"मावशी, काय दिसतंय?"

"धुणं," त्या म्हणाल्या. "आठ माणसांचं."

बेननं नदी काढून टाकली.

*

एकदा मशीन पहिल्यांदाच अगदी गप्प झालं. बेन खूश! वाकून बघतात तर बाई घोरत होती. एका खोलीत दोन पाळ्यांची सहा माणसं, तिला झोपायला वेळच मिळत नव्हती. बेननं पंखा वाढवला आणि पुढच्या बाईला बाहेरच बसवून ठेवलं. तेवढ्यासाठी मला ती बाई फार आवडायची. बेन, म्हणजे.

*

कमलची गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही.

तिला नवरा घेऊन आला, भगवान. कापडाच्या मागावर कामाला. तिच्यासमोरच म्हणाला, "बाई थंड आहे. अखाजीपर्यंत नीट झाली तर ठीक, नाहीतर माहेरी सोडतो आणि दुसरी करतो." अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीनच महिने होते.

बेननं उपचाराची खोली मुद्दाम शांत केली होती, जाड पडदे, बंद खिडक्या. त्या शांततेत कमलचं मशीन थांबेचना. चार वेळा तेच. पाचव्या वेळी उकाड्यानं जीव जायला लागला म्हणून मी खिडकी उघडली. मागच्या गल्लीतल्या मागांचा खडखडाट धाडकन आत आला. मी बंद करायला धावले, तर बेननं हात धरला. मशीनचा आवाज उतरत होता!

"असं कसं गं?" मी विचारलं.

कमल डोळे मिटूनच म्हणाली, "माग बंद पडनात का तो घर येस."

मी बेनला गुजरातीत सांगितलं, माग बंद पडले की तो घरी येतो.

*

त्यानंतर खिडकी उघडी ठेवूनच शिकवलं. बेननं भगवानला सांगितलं, महिनाभर हिला हात लावायचा नाही, फक्त शेजारी बसून बोलायचं.

"बोलायला बायको केली का?" तो म्हणाला.

पण कमल शिकत होती. एक दिवस माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, काल दुपारी एकटीच पडले होते. अंगात ऊब आली. छान वाटलं." आणि लाजली. मग घाबरून म्हणाली, "त्याला सांगू नका हं." मला इतका आनंद झाला, जसं काही माझंच काही बरं झालं होतं.

*

अखाजीच्या आदल्या आठवड्यात भगवान निकाल बघायला येणार होता. कमलला वायरी लावलेल्या, मशीन मांजरासारखं घुरघुरत होतं. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. एक पायरी, मशीन जरा वर. दुसरी पायरी, आणखी वर. तो दारात आला तेव्हा मला कान झाकावे लागले.

बेन त्याला स्वच्छ म्हणाल्या, "बाईत काही बिघाड नाही. ती तुम्हाला घाबरते."

त्यानं मशीनकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "म्हणजे नाही झाली बरी," म्हणाला आणि तिला घेऊन गेला.

अखाजीला त्यानं तिला शिरपूरकडे तिच्या माहेरी नेऊन सोडलं. पुन्हा ती दिसली नाही.

*

वर्षभरानं भगवान परत आला. मागे वीस-बावीसची नवी बायको, हातातला हिरवा चुडा अजून उतरलेला नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

मी नवा केसपेपर काढायला लागले, तर त्यानं थांबवलं.

"कमलची फाईल असेल ना तुमच्याकडे? तीच काढा. आजार तोच आहे, नाव तेवढं बदला."