दोन टाक्यांचा एक काटा

बासष्टच्या पावसाळ्यानंतर आमचं युनिट ईशान्येकडच्या डोंगरात होती. मी शहाद्याजवळच्या लोणखेड्याचा, गुजर शेतकऱ्याचा मुलगा. लष्कराच्या ईएमईत, म्हणजे दुरुस्ती विभागात, गाड्यांचं वायरिंग बघत असे. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर लान्स नाईक रूपसिंग पाडवी खापरकडचा. घरी तो भिली बोलायचा, माझ्याशी अहिराणी. सबंध युनिटमध्ये ती आम्हा दोघांनाच येत होती.

सकाळी गाड्या सुरू करून बघायच्या, ड्रायव्हरांच्या तक्रारी ऐकायच्या, मग दुरुस्ती. लांबच्या चढासाठी ॲम्ब्युलन्सला उजवीकडे दुसरी टाकी बसवली होती; पेट्रोल कुठल्या टाकीतून घ्यायचं ते सीटजवळच्या कॉकने बदलता येई. डॅशबोर्डवर पेट्रोलचा काटा मात्र एकच, तोही डाव्या टाकीचा. उजवीत किती उरलंय हे बघायला गाडी थांबवून काठी बुडवावी लागे.

"पाटील भाऊ, वर गाडी थांबाडता येत नही," पाडवी म्हणाला. "काहीतरी कर."

मोडीत निघालेल्या तसल्याच गाडीच्या टाकीतला सेंडर मी काढला. पेट्रोलवर तरंगणाऱ्या गोळ्यावरून तो काट्याला पातळी कळवतो. तो उजव्या टाकीत बसवला. दोन्ही सेंडरच्या वायरी एका स्विचवर आणल्या आणि स्विचपासून एक वायर काट्याला दिली. स्विच वर केला की डावी टाकी, खाली केला की उजवी.

सुभेदार साहेबांनी वाकून पाहिलं.

"पक्कं आहे?"

"जी साहेब."

"गाडी लाइनीत लाव."

पाडवीने स्विच दोन-चारदा वरखाली केला. "आते बठ्ठं दिखस, दोन्ही बी टाक्या," म्हणाला आणि हसला.

त्याच आठवड्यात वरच्या चौकीवर हल्ला झाला. जखमींना आणायला पाडवी एकटाच गेला. दुपारी वायरलेसवर आवाज आला, "चार स्ट्रेचर लोड. ॲम्ब्युलन्स निकल गई. ओव्हर." त्यानंतर रस्त्यावर तोफगोळे पडू लागले. आम्ही वळणाकडे बघत उभे राहिलो.

गाडी आली. पाडवीने ती नेहमीसारखी सरळ उभी केली, इंजिन बंद केलं, पण तो खाली उतरला नाही. मी दार उघडलं. ग्रेटकोट पोटापाशी रक्ताने भिजला होता.

"डावी टाकी फुटनी," तो म्हणाला. "काटा भराभर खाले जाई ऱ्हायंता. उजवी भरेल दिखनी. मी कॉक उजवीवर घेतं." मान मागे वळवून म्हणाला, "पहिले मांगलास्ले काढा."

मागच्या चौघांना आधी काढलं. चौघेही वाचले. पाडवी संध्याकाळच्या आत गेला. साहेबांनी माझ्या वायरिंगचं कौतुक केलं. मला ते ऐकवेना.

पुढच्या रजेत मी खापरला उतरलो आणि डोंगरातल्या त्याच्या पाड्यावर चालत गेलो. तेव्हा आमचा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता. त्याचे वडील अंगणात तुरीच्या काड्या बांधत होते. मी नाव सांगितलं. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. कसा गेला, हे विचारलं नाही. हातातली पेंढी बांधून झाल्यावर माझ्यासाठी अहिराणीत म्हणाले,

"तठे थंडी व्हती का?"

"व्हती, बाबा."

"त्याले थंडी सोसाये नही."

डॉक्टरांनी त्याला दोन ब्लँकेटं पांघरली होती, असं मी सांगितलं. ते खरं होतं. त्यातलं एक माझं होतं, एवढं सांगितलं नाही.